वार कधी चुकवायचा: मोबाइलवरच्या बॉस-लढतींतला एक न मिटलेला प्रश्न

बॉस म्हणजे गेममधली पुढची वाट अडवून उभा असलेला मोठा शत्रू. त्याची प्राणशक्ती खेळाडूच्या पात्रापेक्षा कितीतरी जास्त असते, त्याचे दोन-तीन वार बसले की डाव आटोपतो, आणि पळून जायला बहुधा वाट नसते. अशा लढतीत मारण्याइतकेच, पुष्कळदा त्याहूनही अधिक, महत्त्व येते ते वार चुकवण्याला; खेळाडूंच्या बोलीत 'डॉज मारण्याला'. डॉजचे बटण कुठे आहे हे पहिल्या दोन मिनिटांत कळते. ते केव्हा दाबायचे यावर मात्र गेली चार दशके मतभेद चालू आहेत, आणि खेळ स्पर्शपडद्यावर आल्यापासून त्यांना नवे फाटे फुटले आहेत.

वाराचे तीन भाग, डॉजचेही तीन

बॉसचा कोणताही वार तीन भागांत मोडतो. आधी तो हात, शेपूट किंवा शस्त्र उगारतो. मग प्रत्यक्ष वार पडतो. त्यानंतर तोल सावरेपर्यंत काही काळ तो उघडा राहतो. डॉजची घडणही अशीच असते. बटण दाबले की पात्र झेप किंवा लोळण घेते, मधल्या काही क्षणांत त्याला कसलीच इजा होत नाही, आणि शेवटी उठून उभे राहताना ते पुन्हा असहाय असते. मधल्या सुरक्षित क्षणांना खेळाडू 'आय-फ्रेम' म्हणतात. फ्रेम म्हणजे पडद्यावरचे एक चित्र. सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते, 30 चित्रांच्या गेममध्ये 33.3 मिलिसेकंद. समजा एखाद्या डॉजला 60च्या गतीने 12 आय-फ्रेम आहेत, तर संरक्षण मिळते ते सेकंदाच्या पाचव्या भागापुरते.

केव्हा चुकवायचे हा प्रश्न नेमकेपणाने मांडायचा तर असा: डॉजचा मधला भाग वाराच्या मधल्या भागावर कसा बसवायचा? नवखा खेळाडू उशीर करतो म्हणून मरतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा घाई करतो. बॉसने हात वर नेला की त्याचे बोट बटणावर पडते. हात खाली येईपर्यंत सुरक्षित क्षण संपलेले असतात आणि पात्र गुडघ्यावरून उठत असताना वार नेमका डोक्यात बसतो. घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबले तर आणखी बिकट अवस्था होते. बरेच गेम आधी दाबलेले बटण काही फ्रेम लक्षात ठेवतात, त्यामुळे पहिली लोळण संपताच न मागता दुसरी सुरू होते आणि पात्र पुन्हा अडकते. या घबराटीच्या लोळण्याला 'पॅनिक रोल' हे नाव रूढ आहे. या विषयावरचे बाकीचे सगळे मतभेद बाजूला ठेवले, तरी घाई ही उशिरापेक्षा जास्त महाग पडते यावर अनुभवी खेळाडूंत जवळजवळ एकमत दिसते.

पूर्वपीठिका

चुकवण्याला खेळाचा कणा बनवणारे पहिले मोठे उदाहरण म्हणजे निन्टेंडोचा मुष्टियुद्धाचा गेम 'पंच-आउट'. तो आर्केडमध्ये 1984 मध्ये आला आणि घरगुती यंत्रावर 1987 मध्ये, माइक टायसनच्या नावानिशी. त्यातला प्रत्येक प्रतिस्पर्धी ठोसा मारण्याआधी काहीतरी खूण देतो, आणि खेळाडूने ती ओळखून डावीकडे, उजवीकडे किंवा खाली झुकायचे असते. शेवटच्या लढतीत टायसनचे पहिल्या दीड मिनिटातले अपरकट एकाच फटक्यात खाली पाडतात, तेव्हा मारण्याचा विचार बाजूला ठेवून नुसते चुकवत राहावे लागते. याच गेममध्ये बॉल्ड बुल हा प्रतिस्पर्धी धावून येतो तेव्हा चुकवण्याऐवजी नेमक्या क्षणी त्याच्या पोटात ठोसा देऊन त्याला थांबवता येते. म्हणजे 'चुकवावे की सामोरे जावे' हा वादही तितकाच जुना आहे.

पुढच्या काळात दोन धारा वेगळ्या झाल्या. पहिली जपानी थरारक कृतिपटांच्या वळणाची: 'डेव्हिल मे क्राय' 2001 मध्ये आला आणि त्याच दिग्दर्शकाचा, हिदेकी कामियाचा, 'बेयोनेटा' 2009 मध्ये. वार अगदी अंगाला भिडेपर्यंत थांबून डॉज मारला की 'बेयोनेटा'त आजूबाजूचा काळ मंदावतो आणि खेळाडूला मनमुराद हल्ला करायला मोकळीक मिळते. चुकवणे ही इथे हल्ल्याची किल्ली झाली. दुसरी धारा संथ आणि जबाबदारीची. कॅपकॉमच्या 'मॉन्स्टर हंटर'ने 2004 मध्ये आणि फ्रॉमसॉफ्टवेअरच्या 'डीमन्स सोल्स'ने 2009 मध्ये, पाठोपाठ 'डार्क सोल्स'ने 2011 मध्ये, प्रत्येक हालचालीला किंमत लावली. एकदा तलवार उगारली की ती मध्येच सोडून डॉज मारता येत नाही, दम संपला की लोळता येत नाही, चिलखत जड असले की लोळण मंदावते. या धारेत केव्हा चुकवायचे याचे उत्तर आधीच्या क्षणात दडलेले असते: मागचा वार करायचा लोभ आवरला होता का?

स्पर्शपडद्यावर आल्यावर

मोबाइलवर या प्रश्नाचे पहिले ठसठशीत रूप 'इन्फिनिटी ब्लेड'मध्ये दिसले. चेअर एंटरटेनमेंटने बनवलेला हा गेम डिसेंबर 2010 मध्ये आयफोन आणि आयपॅडवर आला. त्यात मोकळे फिरणे जवळजवळ नव्हतेच. समोर एक राक्षसी योद्धा, पडद्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत डावी-उजवी झेप, मध्ये ढाल, आणि बोट ओढून तलवारीने वार परतवणे. गॉड किंग या बॉसशी हरले की त्याच वंशातला पुढचा वीर पुन्हा त्याच गढीकडे चालत येतो, ही त्याची कथा. मागच्या पिढीच्या मरणातून बॉसचे डाव पाठ करायचे, ही खेळातली रीत कथेत इतकी चपखल क्वचितच उतरली असेल. डिसेंबर 2011 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात शस्त्राप्रमाणे बचावच बदलत असे. अवजड शस्त्र घेतले की झेप जाते आणि तीन दिशांनी अडवणे उरते. दोन हातांत दोन शस्त्रे घेतली की ढाल जाते आणि खाली वाकणे मिळते. चुकवावे की नाही, हा निर्णय त्यामुळे लढतीच्या आधी, शस्त्र निवडतानाच होऊ लागला. हा गेम 2018 च्या अखेरीस दुकानातून काढून घेतला गेला, हे या क्षेत्राच्या अभ्यासकांचे खरोखरच मोठे नुकसान आहे.

पुढच्या गेमकर्त्यांनी स्पर्शपडद्याशी आपापल्या परीने जुळवून घेतले. हबी कंपनीच्या 'आर्चेरो'त, 2019 मध्ये, डॉजचे बटण ठेवलेलेच नाही. पात्र उभे असताना आपोआप बाण सोडते आणि चालताना सोडत नाही. त्यामुळे प्रश्न उलटा होतो: चुकवणे हीच सहज स्थिती, आणि केव्हा थांबायचे हा खरा निर्णय. बॉसच्या गोळ्यांच्या दोन लाटांमधली फट ओळखून तेवढ्यापुरते पाय रोवणे, यातच सगळे कसब येते. 'डेड सेल्स' संगणकावरून 2019 मध्ये आयफोनवर आणि 2020 मध्ये अँड्रॉइडवर आला तेव्हा त्याला एक पर्यायी रीत जोडण्यात आली, ज्यात जवळच्या शत्रूवरचा हल्ला आपोआप होतो. मारण्याचे काम यंत्राकडे सोपवले तरी लोळण मात्र खेळाडूच्याच बोटाकडे राहिली. स्पर्शपडद्यावर काय सोडून देता येते आणि काय सोडले तर खेळच उरत नाही, याचा हा बोलका निवाडा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा 2020 चा गेमही असाच आधी कन्सोल आणि संगणकासाठी घडला आणि नंतर नेटफ्लिक्सच्या वर्गणीदारांसाठी मोबाइलवर आला. कंट्रोलरच्या उठावदार बटणांसाठी बेतलेली कसरतपटू राजीची चपळाई काचेवर कशी उतरवायची, हा अशा प्रत्येक स्थलांतरातला पेच असतो.

काचेवर बटण हाताला लागत नाही. अंगठा काठावरून थोडा घसरला की डॉज पडतच नाही, आणि ते कळते वार बसल्यावर. शिवाय तोच अंगठा पडद्याचा कोपरा झाकतो, ज्या कोपऱ्यात बॉसची शेपूट असू शकते.

पाहून चुकवावे की पाठ करून

मुख्य मतभेद इथे आहे. पहिला पक्ष म्हणतो, नजर ठेवा आणि प्रतिक्रिया द्या. दुसरा म्हणतो, बॉसचे डाव आणि त्यांची लय पाठ करा आणि त्या लयीवर बटण दाबा.

पहिल्या पक्षाचा आधार असा की बॉसच्या डावांचा क्रम बदलता असतो. ठरलेला क्रम गृहीत धरून खेळणारा पहिल्याच अनपेक्षित वाराला फसतो. बॉस पाहणे हे एक कौशल्य आहे आणि ते एका गेममधून दुसऱ्यात नेता येते, पाठांतर नेता येत नाही. त्यातला बारकावा असा की पाहायचे ते शस्त्राचे टोक नव्हे. खांदा, कंबर, पायाची फिरकी यांत वाराची चाहूल आधी लागते. खो-खो किंवा आट्यापाट्या खेळलेल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. समोरच्याच्या हाताकडे पाहणारा हूल खातो.

दुसऱ्या पक्षाचा आधार हिशोबाचा आहे. नुसता प्रकाश दिसताच बटण दाबायचे असेल तर माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. दिसलेली गोष्ट अनेकांपैकी कोणती हे ओळखून त्यानुसार कृती निवडायची असेल तर हा काळ वाढतो, आणि पर्यायांची संख्या वाढेल तसा वाढत जातो. विल्यम हिक यांनी 1952 मध्ये आणि रे हायमन यांनी 1953 मध्ये हे प्रयोगांनी दाखवले. त्यात फोनचा स्वतःचा उशीर मिळवावा लागतो. बोट टेकल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत काही दहा मिलिसेकंद जातातच. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2012 मध्ये एका प्रात्यक्षिकात 100 मिलिसेकंद उशिराचा स्पर्शपडदा आणि 1 मिलिसेकंद उशिराचा पडदा यांची तुलना दाखवली होती. पहिल्यात बोटाने ओढलेला चौकोन बोटामागे स्पष्टपणे रेंगाळताना दिसतो. आजचे फोन त्या काळापेक्षा चपळ आहेत, पण उशीर शून्यावर आलेला नाही. समजा बॉसने हात उगारल्यापासून वार पडेपर्यंत 500 मिलिसेकंद आहेत. ओळखायला आणि ठरवायला 350 गेले, फोनने 70 खाल्ले, तर उरतात 80. एवढ्यात दचकायलाही सवड नाही. यापेक्षा झटपट वार नुसते पाहून चुकवणे मोबाइलवर शक्यच नसते, असे या पक्षाचे म्हणणे.

दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट पाहिले तर ते दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत आहेत असे दिसते. कोणता वार येतोय हे ओळखणे पाहण्याचे काम आहे. तो केव्हा पोहोचेल हे जाणणे सरावाचे. क्रिकेटच्या फलंदाजांवरील एक अभ्यास इथे उजेड टाकतो. ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत येतो. मायकेल लँड आणि पीटर मॅकलिओड यांनी 2000 मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा असे आढळले की फलंदाज चेंडूचा सलग पाठलाग करत नाही. हातातून सुटताना तो चेंडू पाहतो आणि मग नजर थेट टप्पा पडण्याच्या अपेक्षित जागी नेऊन तिथे त्याची वाट बघतो. चांगल्या फलंदाजाची नजर तिथे आधी पोहोचते. बॉसशी मुरलेला खेळाडू हेच करत असावा असे मानायला जागा आहे. तो उगारलेला हात पाहून डाव ओळखतो, आणि त्या डावाची आधीच अंगात भिनलेली लय पुढचे काम करते. 'पाठ' या शब्दाने पहिला पक्ष उगाच बिचकतो. इथले पाठांतर क्रमाचे नसते, प्रत्येक डावाच्या मात्रांचे असते.

हूल आणि रोखून धरलेला वार

खेळाडू पटकन प्रतिक्रिया देतात हे ओळखून गेमकर्त्यांनी बॉसला वार रोखून धरायला शिकवले. 'एल्डन रिंग'मधला मार्गिट, 2022 चा, या बाबतीत गाजला. तो काठी डोक्यावर नेतो आणि अपेक्षेपेक्षा लांब काळ तिथेच धरून ठेवतो. घाईचा डॉज संपतो, मग काठी कोसळते. मोबाइलवरच्या अनेक बॉसनी ही युक्ती उचलली आहे.

हे न्याय्य आहे का यावर दोन मते आहेत. विरोधकांच्या मते वाराला काही वजन असते. इतके जड शस्त्र हवेत थबकून राहणे शरीराच्या स्वाभाविक हालचालीला धरून नसल्याने खेळाडूच्या डोळ्यांनी मिळवलेली समज निरुपयोगी ठरते, आणि मग मरून मरून पाठ करण्याशिवाय मार्ग राहत नाही. समर्थक म्हणतात की हूल हा प्रत्येक द्वंद्वाचा भाग आहे, आणि रोखलेला वार खेळाडूला हात उगारण्याकडे न पाहता हात खाली येण्याच्या सुरुवातीकडे पाहायला शिकवतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण एका अटीवर: खाली येणाऱ्या हालचालीपासून वार पडेपर्यंतचा वेळ माणसाच्या प्रतिक्रियेला पुरेल इतका हवा. कंट्रोलर आणि मोठ्या पडद्यासाठी आखलेला हा वेळ फोनवर तसाच ठेवला की तीच हूल अन्यायाची होते.

शेवटच्या क्षणाचे बक्षीस

मोबाइलवर सर्वाधिक पसरलेली कल्पना 'बेयोनेटा'च्या जातीची आहे. मिहोयोच्या 'होंकाई इम्पॅक्ट थर्ड'मध्ये, 2016 पासून, वार बसण्याच्या ऐन वेळी मारलेल्या डॉजने काळ मंदावतो. कुरो गेम्सच्या 'पनिशिंग: ग्रे रेव्हन'मध्ये, 2019 पासून, हीच गोष्ट हल्ल्याच्या हिशोबाशी बांधली आहे. तिथे रंगीत गोळे जुळवून हल्ले होतात, आणि एकाच रंगाचे तीन सलग जुळले तर हल्ला सर्वांत जोरकस. ऐन वेळचा डॉज साधला की पुढचा एकच गोळा तिनाच्या तोलाचा ठरतो. खेळाडूने गोळे जुळवायचे कष्ट करावेत, की बॉस मारायला येण्याची वाट बघावी? तरबेज खेळाडू दुसरे निवडतात. बॉसचा वार ही धोक्याची घटना न राहता हवीहवीशी संधी होते.

या रचनेचे समर्थन असे की ती घाईवरचा उत्तम उतारा आहे. उशिरापर्यंत थांबण्याला बक्षीस दिले की खेळाडू आपणहून बॉसकडे नीट पाहू लागतो. शिवाय मंदावलेल्या काळात लहान पडद्यावरची गर्दी निवळते. आक्षेप असा की यात एकच उत्तर बरोबर ठरते. सुरक्षित अंतरावर राहणारा, आधीच बाजूला सरकणारा खेळाडू काही चूक करत नाही, तरी त्याचे नुकसान होते. दुसरा आक्षेप वारंवारतेचा आहे. बहुतेक गेममध्ये हा मंद काळ एकदा मिळाला की पुन्हा मिळायला काही सेकंद जावे लागतात. तेवढ्या वेळात आलेले वार साध्या डॉजने चुकवायचे असतात, पण सवय झालेले बोट तिथेही शेवटचा क्षण शोधत राहते आणि मार खाते.

कुणीकडे

केव्हा याच्याशी कुणीकडे हा प्रश्न चिकटलेला आहे, जरी तो कमी चर्चिला जातो. मागे सरकणे सहज सुचते आणि बहुधा तेच चुकते. बॉसच्या शस्त्राची पोच मागच्या झेपेपेक्षा जास्त असते, आणि मागे गेलेला डॉज वाराच्या कक्षेत अधिक काळ राहतो. वाराच्या दिशेने, त्याच्या पोटाखालून किंवा कडेने आत शिरले की शस्त्र आणि पात्र एकमेकांच्या उलट दिशेने जातात, छेद अल्पकाळ होतो, आणि मोजके आय-फ्रेमही पुरतात. 'डेड सेल्स'मध्ये लोळण शत्रूच्या अंगातून पलीकडे जाते, तिथे हे सर्वांत स्वच्छ दिसते. पहिला बॉस, ब्लॅक ब्रिजवरचा कॉन्सिअर्ज, वार उगारत असताना त्याच्यातूनच लोळून पाठीमागे निघाले की तो रिकाम्या जागेवर घाव घालतो आणि त्याची पाठ मोकळी मिळते. आत शिरण्यामुळे वेळेची सूट वाढते, हे समजल्यावर 'मिलिसेकंद कमी पडतात' ही तक्रार निम्मी होते.

न चुकवण्याची बाजू

एक मोठा पक्ष म्हणतो की डॉज हा दुय्यम उपाय आहे. वार ऐन वेळी अडवला किंवा परतवला तर बॉसचाच तोल जातो. 2019 च्या 'सेकिरो'ने या विचाराला प्रतिष्ठा दिली, आणि मोबाइलवर आलेल्या नव्या गेमनी तो आत्मसात केला. कुरो गेम्सच्या 'वदरिंग वेव्ज'मध्ये, मे 2024 पासून, काही वारांच्या आधी पिवळे वर्तुळ आकसत येते. ते मिटण्याच्या क्षणी उलट हल्ला केला तर बॉस डळमळतो. जुलै 2024 च्या 'झेनलेस झोन झिरो'मध्ये सोनेरी लकाकी दिसली तर पात्र बदलून वार परतवता येतो, लाल दिसली तर चुकवण्याशिवाय गत्यंतर नाही. निर्णयाचा भार इथे गेमने स्वतःकडे घेतला आहे: काय करायचे ते रंग सांगतो, खेळाडूने फक्त क्षण साधायचा. हिक यांच्या नियमाच्या नजरेने पाहिले तर पर्याय कमी करून प्रतिक्रियेचा काळ वाचवणारी ही सोय फोनला साजेशी आहे. टीकाकारांना मात्र खंत वाटते की खेळाडू आता बॉसकडे पाहतच नाही, लकाकीकडे पाहतो.

चुकवणे, अडवणे आणि मुद्दाम चिथावणे यांचा मेळ सर्वांत बारकाईने दिसतो तो कबाम कंपनीच्या 'मार्व्हल कॉन्टेस्ट ऑफ चँपियन्स'मध्ये. डिसेंबर 2014 पासून चालू असलेल्या या गेममध्ये पडद्याची डावी बाजू बचावाची आणि उजवी हल्ल्याची. डावीकडे बोट दाबून धरले की अडवणे, मागे ओढले की मागची झेप. पुरेसे मुरलेल्या खेळाडूची एक फेरी अशी असते. बॉस धावून येतो, खेळाडू वार बसण्याच्या क्षणी बोट टेकवतो, बॉस क्षणभर सुन्न होतो. लगेच पाच फटक्यांची साखळी. पाचवा फटका बसताच बोट मागे ओढून झेप, कारण साखळी संपल्यावर पुढचा क्षण बॉसचा. आता बॉसची शक्तिपट्टी पाहायची. ती एक खण भरली असेल तर त्याने पहिल्या पातळीचा खास वार आत्ताच करावा यासाठी खेळाडू थोडा दूर, पण धावून यायचा मोह होईल इतक्या अंतरावर, अडवण्याच्या पवित्र्यात उभा राहतो. खास वार सुटला की मागे-मागे झेपा घेऊन तो वाया घालवायचा. हे लवकर का करायचे? कारण पट्टी तीन खण भरली की येणारा तिसऱ्या पातळीचा खास वार सर्वसाधारणपणे अडवताही येत नाही आणि चुकवताही येत नाही. म्हणजे या गेममध्ये केव्हा चुकवायचे याचे खरे उत्तर, मोठा वार जन्माला यायच्या आत लहान वार मागून घ्यायचा, हे आहे.

उरलेली भूमिका सोशिकांची. ढाल, उपचार करणारे पात्र किंवा भक्कम चिलखत यांच्या जोरावर काही वार अंगावर घ्यावेत आणि हल्ला थांबवू नये. घड्याळाशी शर्यत असते तिथे ही भूमिका बळकट ठरते. 'मॉन्स्टर हंटर नाऊ'मध्ये, सप्टेंबर 2023 पासून, एक शिकार 75 सेकंदांत संपवावी लागते. तिथे प्रत्येक डॉज हा न मारलेला फटका असतो. 'गेन्शिन इम्पॅक्ट'च्या स्पायरल अबिस या आव्हानातही वेळेच्या हिशोबाने तारे मिळतात. शिवाय त्या गेममध्ये झेपेला दम लागतो: दमाची कमाल मर्यादा 240, एका झेपेच्या सुरुवातीला 18, म्हणजे पूर्ण दमातही लागोपाठ 13 झेपा. दम जपण्यासाठी जाणकार खेळाडू वेगळीच वाट काढतात. पात्राचा एलिमेंटल बर्स्ट हा खास हल्ला पडद्यावर चालू असताना सहसा इजा होत नाही, म्हणून बॉसचा सर्वांत मोठा वार येईपर्यंत तो राखून ठेवायचा आणि त्याच्या आडोशाला वार जाऊ द्यायचा. हल्ला आणि डॉज एकाच बटणात.

जे अजून सुटलेले नाही

पहिला अनिर्णित मुद्दा फोनाफोनांतल्या तफावतीचा. 120 हर्ट्झचा पडदा आणि वेगवान स्पर्शग्रहण असलेला महागडा फोन आणि तापून 30 फ्रेमांवर घसरलेला स्वस्त फोन, दोन्हींवर एकच बॉस तोच वेळ देतो. वेळेची सूट यंत्र पाहून बदलावी का? बदलली तर दोघांच्या यशाची तुलना कशी करायची? समाधानकारक उत्तर कुणी दिलेले नाही.

दुसरा मुद्दा पात्रांच्या ताकदीचा. नशिबाच्या सोडतीतून पात्रे देणाऱ्या गेममध्ये पैसे खर्चून किंवा महिनोन्‌महिने साठवून पात्र इतके बळकट करता येते की बॉस आपला दुसरा डाव दाखवायच्या आत कोसळतो. अशा खेळाडूला केव्हा चुकवायचे हा प्रश्न पडतच नाही. काहींना ही खेळाची हानी वाटते. काहींच्या मते ज्याची बोटे संथ आहेत, वय झाले आहे किंवा हाताला व्याधी आहे, त्याला बॉसपलीकडची कथा पाहण्याची हीच एक वाट आहे. दुसरे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही.

तिसरा मुद्दा खुणांचा. लाल आणि सोनेरी यांत फरक करणे रंगांधता असलेल्या काही खेळाडूंना अवघड जाते, म्हणून आवाजाची जोड हवी असे सुचवले जाते, आणि कित्येक गेम ती देतातही. पण ब्लूटूथ इअरफोनवर आवाज 100 ते 200 मिलिसेकंद मागे पडू शकतो. तेवढ्यात डॉजचे सगळे आय-फ्रेम संपतात आणि आवाजावर विसंबलेला खेळाडू बरोबर वेळेवर दाबूनही उशिराच दाबतो. तारेचे इअरफोन लावले तर हा दोष जातो, पण बऱ्याच नव्या फोनांत त्यांची खाचच नसते. फोनच्या कंपनाने खूण देण्याचा पर्याय उरतो. पण कंपन हाताला जाणवते ते उगारलेला हात ओळखायला पुरेसे आधी, की वार पडल्यावर, हे त्या त्या गेमने ते कुठे बसवले आहे यावर ठरते, आणि बहुतेकांनी ते आजवर वार बसल्याच्या क्षणीच बसवले आहे.